चिकटलं म्हणजे लोखंड?

आसनगाव-शहापूर पट्ट्यातल्या भंगाराच्या दुकानांत वजनकाट्याच्या जोडीला आणखी एक हत्यार असतं: दोरीला बांधलेला चुंबक. बहुतेकदा ती फाटक्या स्पीकरमधून काढलेली, मधे भोक असलेली काळी चकती असते. गिऱ्हाईक पोतं उपडं करतं, दुकानातला पोरगा चुंबक फिरवतो आणि ढीग वेगळे पडत जातात. तांबं-पितळ नजरेलाच कळतं. जर्मन, म्हणजे अॅल्युमिनियम, हातात घेतल्यावर वजनावरून कळतं आणि बीड तुटलेल्या कडेवरून. प्रश्न उरतो तो चकाकणाऱ्या, किंवा कधीकाळी चकाकत असलेल्या तुकड्यांचा. त्यांच्यासाठी नियम एकच. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर स्टील.

गॅरेजवाले हाच नियम लावतात. जुन्या गाड्यांचे भाग विकणारे लावतात. महामार्गावरच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात बुलेटसाठी लेगगार्ड घ्यायला आलेलं चोखंदळ गिऱ्हाईकही तोच लावतं. सोपा, फुकटातला आणि वाद न वाढवणारा नियम आहे. अडचण एवढीच की गाडीच्या बाबतीत तो दोन्ही बाजूंनी फसवतो. गाडीखाली लागलेलं स्टेनलेस बहुतांशी चुंबकाला चिकटतं आणि गाडीवर हौसेनं लावलेलं हलकं स्टील बहुतांशी चिकटत नाही. म्हणजे विकताना खरं स्टील लोखंडाच्या ढिगात जातं, आणि घेताना दुय्यम स्टील चढ्या भावानं पदरात पडतं. दोन्ही वेळा तोटा गिऱ्हाइकाचाच.

हा विषय आसनगावातून पाहण्यासारखा आहे, कारण इथे गाडीला गंजवणाऱ्या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर वासिंद आणि आटगावच्या मधलं हे स्टेशन. 'आसनगाव लोकल' असा फलक ठाण्या-डोंबिवलीचे लोकही रोज वाचतात. आसपासच्या पाड्यांतून आणि गावांतून मोटरसायकलवर यायचं, गाडी स्टेशनाजवळ लावायची, लोकल पकडायची आणि रात्री परत त्याच गाडीवर घर गाठायचं, असा इथल्या हजारो चाकरमान्यांचा दिवस असतो. मुंबई-नाशिक महामार्ग हाकेच्या अंतरावर, पुढे कसारा घाट. २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही तालुक्यातून धावतो. आणि पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. 

धातूची ओळख या भागाला नवी नाही. वासिंदला जेएसडब्ल्यूचा कारखाना आहे, तिथे पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढतो आणि रंगीत पत्रे बनतात. मुरबाडला एमआयडीसी आहे. ठाण्याजवळ कळव्याला मुकंद कंपनी स्टेनलेसच्या सळ्या आणि तारा काढते. भाईंदरमध्ये स्टीलची भांडी घडवणारे गाळे आहेत. एकाच जिल्ह्यात जस्त चढवलेलं लोखंड, स्टेनलेसची सळी आणि स्टेनलेसचं ताट असं सगळं तयार होतं. तरी काट्यावर निकाल देतो तो स्पीकरचा चुंबकच.

आता या नियमाचं मूळ पाहू. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय हवा होता. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस ब्राऊन-फर्थ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे पावणेतेरा टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं. ते गंजत नाही, आम्लानं लवकर खरवडत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि बंदूक बाजूला राहून त्याच्या सुऱ्या झाल्या. त्या पोलादाला चुंबक चिकटत होता. आजही घरातली चांगली स्टेनलेसची सुरी चुंबकाला घट्ट चिकटते, कारण धार धरण्यासाठी लागणारा कडकपणा त्याच जातीच्या स्टीलमध्ये असतो. म्हणजे 'चिकटत नाही तेच खरं स्टील' ही कसोटी लावली तर ब्रिअर्लीचं स्टील पहिल्याच फेरीत बाद होतं.

न चिकटणारं स्टील त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत जन्माला आलं. १९१२ मध्ये बेन्नो स्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घातलं. पुढे त्यातूनच अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचं ते प्रमाण रूढ झालं, जे आपल्या भांड्यांवर '१८/८' म्हणून छापलेलं असतं आणि धंद्यात '३०४' म्हणून ओळखलं जातं. भारतातल्या स्वयंपाकघरांत तांब्या-पितळेची जागा ज्या स्टीलनं घेतली ते सुरुवातीला याच घराण्यातलं. आपल्या आई-आजीच्या पिढीनं भांडी घेताना चुंबक लावून पाहिला, तो चिकटला नाही, आणि ही खूण कायमची डोक्यात बसली. भांड्यांसाठी ती तेव्हा बरीचशी बरोबरही होती. गडबड झाली ती स्वयंपाकघरातला नियम गॅरेजात आला तेव्हा.

चुंबक नेमकं काय सांगतो? धातूतले अणू कोणत्या रचनेत बसले आहेत, एवढंच. साध्या लोखंडात अणूंची रचना घनाकृती असते, आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक. या रचनेतलं लोखंड चुंबकाला ओढलं जातं. त्यात अकरा, तेरा, सतरा टक्के क्रोमियम मिसळलं तरी रचना तीच राहते. धातू गंजायचा थांबतो, पण चुंबकाला चिकटतच राहतो. हे फेरिटिक घराणं, धंद्यातली 'चारशेची सीरिज'. ब्रिअर्लीच्या सुरीचं कडक केलेलं मार्टेन्सिटिक स्टील त्याचंच भावंड. पुरेसं निकेल घातलं की रचना बदलते, मधला अणू नाहीसा होऊन घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू येतो. हे ऑस्टेनिटिक घराणं, 'तीनशेची सीरिज'. ते चुंबकाला दाद देत नाही. गंमत अशी की निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू आहे.

गंज न येण्याचा या रचनेशी संबंध नाही. तो मान क्रोमियमचा. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा, काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. स्टेनलेस म्हणायचं ते या थरामुळे. आणि हा थर आहे की नाही हे चुंबकाला कळत नाही.

हे सगळं घरबसल्या पाहता येतं. फ्रिजवरचा चुंबक घ्या आणि स्टीलच्या खोल डब्यावर फिरवा. तळाच्या मध्यावर तो घसरेल, पण वळवलेल्या काठापाशी किंवा तळाच्या कोपऱ्यात किंचित ओढ जाणवेल. पत्रा यंत्रात दाबून खोल ओढताना तिथल्या अणूंची रचना थोडीशी बदलते आणि न चिकटणारं स्टील त्या जागी थोडं चिकटायला लागतं. वेल्डिंगच्या सांध्यावरही असंच होतं, कारण वितळून गोठताना त्यात थोडा फेरिटचा अंश राहतो, किंबहुना सांधा तडकू नये म्हणून तो मुद्दाम ठेवतात. म्हणून ३०४ च्या पाइपावर चुंबक फिरवणारा माणूस वाकवलेल्या जागी 'इथे चिकटतंय, भेसळ आहे' म्हणून भांडायला लागतो, तेव्हा तो चुंबकाची ताकद आणि पाइपाचं वळण दोन्ही विसरलेला असतो. हल्ली खराब हार्डडिस्कमधून निघणारे निओडिमियमचे चुंबक फार जोरकस असतात. ते अशी बारीकशी ओढही ठळक करून दाखवतात. स्पीकरचा साधा चुंबक या कामाला बरा. तो दोऱ्याला टांगून हळूच जवळ न्यावा. टक्कन धावला तर एक गोष्ट, नुसता कलला तर दुसरी, हललाच नाही तर तिसरी. हाताने दाबून पाहण्यात हा फरक कळत नाही.

आता गाडीखाली जाऊ. सायलेन्सरइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या भागाबद्दल नाही, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण हिशेब सरळ आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळतो आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. गाडी लांब पल्ल्यावर चालली तर सायलेन्सर तापतो आणि वाफ वाफेच्याच रूपात निघून जाते. गाडी तीन-चार किलोमीटर चालून बंद झाली तर सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतच थिजते, पाणी साचतं, त्यात जळणातले आम्लधर्मी अंश मिसळतात आणि पत्रा आतून कुजायला लागतो. आसनगाव स्टेशनाजवळ दिवसभर उभ्या असलेल्या मोटरसायकली नेमक्या याच प्रकारच्या. सकाळी थोडं अंतर, रात्री तेवढंच. वरून चार महिने पाऊस, खालून चिखल. बारा तास नाशिक महामार्गावर पळणाऱ्या टेम्पोचा सायलेन्सर टिकतो आणि कमी चाललेल्या, जपून वापरलेल्या मोटरसायकलचा आधी सडतो, याचं मालकाला नवल वाटतं. 'गाडी तर फिरलीच नाही' अशी त्याची तक्रार असते. आजाराचं कारणच ते आहे.

या आजारावर गाड्यांच्या कारखान्यांनी शोधलेलं औषध म्हणजे ४०९ क्रमांकाचं स्टेनलेस. त्यात क्रोमियम जेमतेम अकरा टक्के, निकेल जवळपास नाहीच, आणि वेल्डिंगच्या सांध्यावर गंज धरू नये म्हणून किंचित टायटॅनियम. निकेल नसल्यानं स्वस्त. तापल्यावर फार प्रसरण पावत नाही, म्हणून रोज तापून-थंडावूनही फाटत नाही. जास्त गरम भागांना ४३९, ४४१ अशा सतरा-अठरा टक्के क्रोमियमच्या बहिणी लागतात. सगळ्या फेरिटिक, सगळ्या चुंबकाला चिकटणाऱ्या. ३०४ किंवा ३२१ चं न चिकटणारं स्टील एक्झॉस्टमध्ये सापडतं ते मुख्यतः इंजिनाची थरथर सोसणाऱ्या जाळीदार लवचीक तुकड्यात, ज्याला गॅरेजात 'फ्लेक्सी' म्हणतात.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झालं आणि स्टेनलेसची गरज वाढली. धूर शुद्ध करणारी यंत्रणा वाढली, तापमान वाढलं. डिझेल गाड्यांना काजळी धरून जाळणारा गाळक आला, युरियाचं द्रावण फवारणारी नळी आली. साधा पत्रा या कामात टिकत नाही. म्हणजे पुढच्या काही वर्षांत भंगारात येणाऱ्या गाड्यांखाली आजच्यापेक्षा जास्त स्टेनलेस असेल, आणि स्पीकरचा चुंबक त्यातल्या बहुतेकाला लोखंड म्हणेल.

चुंबकाच्या या चुकीला डोळ्यांचीही साथ मिळते. ४०९ चा सायलेन्सर काही महिन्यांतच तपकिरी दिसायला लागतो. क्रोमियम काठावरचं असल्यानं वरवर चहाच्या डागासारखा रंग चढतो, पण आतला पत्रा शाबूत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, चुंबक चिकटतोय, गंजही दिसतोय, मग हे स्टेनलेस कसलं? दोन साक्षीदार, दोन्ही खरं बोलणारे, आणि निकाल चुकलेला. खरा फरक गंजाच्या प्रकारात आहे. साधं लोखंड पापुद्रे धरून सुटतं, बोटानं खपल्या निघतात, टोकलं तर भोक पडतं. ४०९ चा तपकिरीपणा पातळ असतो, काचकागदानं घासला की खाली करडा चकचकीत पत्रा लागतो. आणखी एक तिसरा भिडू आहे: अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला साधा पत्रा. तो नवा असताना स्टेनलेससारखा रुपेरी दिसतो, चुंबकालाही चिकटतो, पण कानशीनं मुलामा खरवडला की खाली साधं लोखंड. या तिघांतला फरक चुंबक कधीच सांगू शकत नाही.

याची किंमत नुसती काट्यावर मोजली जात नाही. भोक पडलेला सायलेन्सर घेऊन माणूस वेल्डिंगवाल्याकडे जातो. वेल्डिंगवाला चुंबक लावतो, 'लोखंडच आहे' म्हणतो आणि दारं-खिडक्यांना वापरतो तोच साधा रॉड लावून टाका मारतो. काम होतं, आवाज बंद होतो. पण स्टेनलेसच्या पत्र्यावर साध्या लोखंडाची रेघ ओढली गेली. पुढच्या पावसाळ्यात गंज त्या टाक्यावरच बसतो आणि मालक म्हणतो, वेल्डिंग कच्चं होतं. वेल्डिंग पक्कं होतं, रॉड चुकला. स्टेनलेसला साधं लोखंड जोडायचं असेल तर ३०९ जातीचा रॉड लागतो. तो महाग असतो आणि खेड्यातल्या दुकानात नेहमी मिळतोच असं नाही. आणि जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टेनलेसच्या वेल्डिंगचा धूर साध्या वेल्डिंगपेक्षा वाईट. त्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं, ते कर्करोगाला कारण ठरतं. बंद शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी पोरं पाहिली की काळजी वाटते. रुमालानं तो धूर अडत नाही.

सायलेन्सरच्या ओघात कॅट-कॉन, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हाही येतो. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आलं, कारण शिशानं कॅट-कॉन निकामी होतो. त्याचं कवच बहुधा ४०९ किंवा तत्सम स्टीलचं, म्हणजे चिकटणारं. आत मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनी मातीची वीट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा विरळ लेप. ज्याला हे ठाऊक नाही तो ते धूड चुंबक लावून लोखंडात तोलून देतो. ज्याला ठाऊक आहे तो विकत घेताना काही बोलत नाही. चुंबकाच्या नियमानं होणारं एका वस्तूवरचं सगळ्यात मोठं नुकसान हेच असावं. मात्र चालू गाडीतला कॅट-कॉन काढून पोकळ नळी बसवणं हा गुन्हा आहे आणि खोकल्याला आमंत्रणही. सुटा मिळालेला कॅट-कॉन घरी फोडून बघू नये. आतली धूळ आणि गुंडाळलेला तंतुमय कापूस छातीत जाऊ द्यायच्या लायकीचा नाही.

इंजिनाच्या आत मात्र चुंबक खरोखर कामाचा आहे. हेड उघडल्यावर व्हॉल्व्ह ढिगात मिसळले तर जुने मेस्त्री चुंबक लावतात. आत हवा घेणारा इनलेट व्हॉल्व्ह बहुधा मार्टेन्सिटिक स्टीलचा, तो चिकटतो. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद तापतो, म्हणून तो २१-४एन नावाच्या, एकवीस टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल आणि भरपूर मॅंगनीज असलेल्या ऑस्टेनिटिक स्टीलचा, तो चिकटत नाही. बऱ्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये याहून बारीक कारागिरी असते. डोकं न चिकटणाऱ्या स्टीलचं आणि दांडा चिकटणाऱ्या स्टीलचा, दोन्ही घर्षणानं तापवून जोडलेले. चुंबक दांड्यावरून सरकवत डोक्याकडे नेला की एका ठिकाणी ओढ एकदम संपते. तोच जोड. कानशीनं घासूनही सापडला नसता असा सांधा चुंबक बोटाला दाखवतो. मेस्त्रीच्या हातातला चुंबक आणि भंगाराच्या काट्यावरचा चुंबक यांत फरक आहे तो इथे. मेस्त्रीला कुठल्या दोन गोष्टींतून निवड करायची आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला मिळालेलं उत्तर पुरतं.

मोटरसायकलची ब्रेक डिस्क चिकटते आणि ती स्टेनलेसच असते, कडक केलेलं ४१० किंवा ४२० च्या जातीचं. पावसात रात्रभर उभी राहूनही तिच्यावर मोटारीच्या बिडाच्या डिस्कसारखा नारिंगी थर येत नाही, तो याचमुळे. हेडखालचं पातळ पत्र्यांचं गॅस्केट ३०१ स्टीलचं, म्हणजे नावानं तीनशेच्या घराण्यातलं. पण स्प्रिंगसारखं कडक होण्यासाठी इतकं लाटलेलं असतं की तेही चुंबकाला चिकटतं. अशी उदाहरणं आणखी देता येतील, पण मुद्दा एवढ्यात ध्यानात यावा.

आता दुसरी बाजू, जिथे चुंबक चिकटत नाही म्हणून पैसे जास्त मोजले जातात. महामार्गाच्या कडेला मिळणारे लेगगार्ड, कॅरियर, रिक्षाच्या कडेचे दांडे, पिकअपच्या मागचा जंगला. दुकानदार स्वतः चुंबक लावून दाखवतो. 'बघा दादा, चिकटत नाही, ओरिजिनल एसएस.' चुंबक खरं बोलतो. दुकानदारही शब्दशः खोटं बोलत नाही. पण हा माल बहुधा २०२ किंवा तशाच एखाद्या 'दोनशेच्या सीरिज'चा असतो. त्यात महागडं निकेल कमी करून मॅंगनीज घातलेलं असतं. मॅंगनीजही अणूंची रचना निकेलसारखीच बदलतं, म्हणून चुंबक फसतो, पण गंजाशी लढायची ताकद ३०४ इतकी राहत नाही. कोरड्या देशावर ते वर्षानुवर्षं छान दिसेल. शहापूर-मुरबाडच्या पावसात काही पावसाळ्यांनंतर वेल्डिंगपाशी आणि पाइपाच्या तोंडाशी तपकिरी ठिपके फुटतात.

दोनशेची सीरिज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. भारताला निकेल आयात करावं लागतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या धक्क्यानं लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळला आणि बाजार बंद ठेवावा लागला. निकेल तयार करणारी देशातली एकमेव कंपनी म्हणून गोव्याच्या निकोमेटचं नाव घेतात, ती वेदांतनं २०२१ च्या अखेरीस घेतली. क्रोमियमचं खनिज क्रोमाइट मात्र ओडिशातलं सुकिंदा खोरं देशाला पुरवतं. अशा देशानं कमी निकेलचं स्टील बनवणं हे शहाणपणच. २०१६ मध्ये भारत स्टेनलेसच्या उत्पादनात चीनखालोखाल पोचला आणि त्याच्या उत्पादनात दोनशेच्या सीरिजचा वाटा मोठा आहे. तक्रार मालाबद्दल नाही. २०२ हे २०२ च्या भावानं विकावं, एवढीच आहे.

गाडीवर न चिकटणारं स्टील लावण्याच्या हौसेतून एक धोकादायक बदल होतो, तो बोल्टचा. गंजलेला बोल्ट काढून त्या जागी चकचकीत, चुंबकाला न चिकटणारा स्टेनलेसचा बोल्ट बसवायचा. आरशाला, नंबर प्लेटला, मडगार्डला खुशाल बसवा. ब्रेक कॅलिपर, सस्पेन्शन, स्टिअरिंगला मुळीच नको. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो. काळपट किंवा पिवळसर बोल्टवर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. १०.९ चा बोल्ट ताणात चौरस मिलिमीटरला सुमारे हजार न्यूटन सोसतो. स्टेनलेसच्या डोक्यावर ए२-७० असेल तर तो सातशेपर्यंत. दिसायला भारी, ताकदीला हलका. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात, मग बोल्ट खोलताना तुटतो. इथे चुंबकाला विचारायचंच कारण नाही, डोक्यावरचा आकडा वाचला की झालं.

जुनी मोटार घेताना मात्र चुंबक जरूर न्यावा. स्टेनलेससाठी नव्हे, लांबीसाठी, म्हणजे पुट्टीसाठी. अपघातात चेपलेला दरवाजा ठोकून, लांबी भरून, रंग मारला की डोळ्यांना कळत नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेला चुंबक पत्र्यावर फिरवला तर लांबीचा थर जाड असेल तिथे तो सुटतो. बंपर प्लास्टिकचे असतात आणि काही महागड्या गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं, तिथे चुंबक न चिकटणं स्वाभाविक आहे, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नये.

मग स्टील ओळखायचं कसं? शेतकऱ्याच्या घरी असणारं मोरचूद पहिल्यांदा सुचतं. बोर्डो मिश्रणाला लागतं तेच. मोरचुदाच्या निळ्या पाण्याचा थेंब घासून स्वच्छ केलेल्या साध्या लोखंडावर टाकला की थोड्याच वेळात तांबूस थर चढतो. ३०४ वर किंवा सतरा टक्के क्रोमियमच्या ४३० वर चढत नाही. म्हणजे चकचकीत पण चिकटणारी पट्टी ४३० ची आहे की नुसता क्रोमचा मुलामा दिलेलं लोखंड, हे मुलामा खरवडून थेंब टाकल्यावर कळतं. पण अकरा टक्क्यांच्या ४०९ वर मोरचूदही दगा देतं, तिथे लोखंडासारखाच तांबूसपणा येऊ शकतो. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच हा उपाय लंगडा पडतो. खाण्याच्या भांड्यावर तो करू नये, हात धुवावेत आणि उरलेलं पाणी ओहोळात ओतू नये, मासे मरतात. दोनशे आणि तीनशेच्या सीरिजमधला फरक दाखवणारं द्रावण भंगाराच्या मोठ्या बाजारात मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा प्रवाह दिला की मॅंगनीज जास्त असलेलं स्टील लाल रंग दाखवतं. ग्राइंडरच्या ठिणग्याही बोलतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर पांढऱ्या, ३०४ च्या आखूड आणि लालसर. मोठ्या यार्डात क्ष-किरणांची बंदूक असते, ती काही सेकंदांत क्रोमियम-निकेलचे टक्के पडद्यावर दाखवते. तिची किंमत आसनगावच्या काट्यावाल्याला झेपणारी नाही. पण शहापूर-मुरबाडच्या भंगार व्यापाऱ्यांनी मिळून एक घेतली, किंवा तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक ठेवून थोड्या पैशांत तपासणीची सोय केली, तर ती वसूल होईल असं मला वाटतं. २०२१ च्या वाहन भंगार धोरणानंतर नोंदणीकृत केंद्रांत गाड्या जाऊ लागल्या आहेत. छोट्या दुकानदाराला त्यांच्यापुढे टिकायचं असेल तर लोखंड आणि स्टेनलेस नीट वेगळं करता येणं हीच त्याची कमाई असणार आहे.

तोवर वाचकाच्या हाती असलेल्या दोन गोष्टी सांगतो. सायलेन्सर विकायला नेलात तर आधी एक कोपरा काचकागदानं घासून पाहा. खाली करडी चमक लागली आणि पापुद्रे निघाले नाहीत, तर लोखंडाच्या भावाला तयार होऊ नका, दुसऱ्या दुकानात विचारा. कॅट-कॉन असेल तर तो वेगळाच विचारा, वजनावर देऊ नका. आणि नवं काही घेताना बिलावर नुसतं 'एसएस' लिहून घेऊ नका. २०२, ३०४ की ४०९ तो आकडा लिहून मागा. दुकानदार आकडा लिहायला तयार नसेल तर त्याने चुंबक कितीही वेळा लावून दाखवला तरी ३०४ चे पैसे देऊ नका.